आर्नोतून आलेले धनगर

रविवार

पिसाहून फ्लोरेन्सला जाणारी गाडी बराच वेळ आर्नो नदीची सोबत सोडत नाही. पाणी मातकट, प्रवाह संथ, काठाला उंच गवत. माझी भाची पिसात शिकते, ती मला घ्यायला विमानतळावर आली होती. तिला मी गाडीतच सांगून टाकलं की या खेपेला फ्लोरेन्स 'बघायचं' नाही. डोम चढायचा नाही, मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्यासाठी रांग लावायची नाही. दोन चित्रं बघायची, आणि त्या दोन चित्रांच्या मधलं जे काही आहे ते पायी फिरायचं.

पहिलं चित्र ह्यूगो व्हान देर गूस या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकाराचं, 'पोर्तिनारी वेदीचित्र' म्हणून ओळखलं जाणारं. दुसरं दोमेनिको गिर्लान्दायो या अस्सल फ्लोरेन्सकराचं. दोन्ही लाकडी फळ्यांवर रंगवलेली, दोन्हींचा विषय एकच: येशूचा जन्म झालाय आणि मेंढपाळ त्याच्या दर्शनाला आलेत. ह्यूगोचं चित्र २८ मे १४८३ या दिवशी फ्लोरेन्सला पोहोचलं. गिर्लान्दायोच्या चित्रावर १४८५ साल घातलेलं आहे. एका चित्रकाराचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असं आपण कलेच्या इतिहासात पानोपानी वाचतो, आणि बहुतेक वेळा तो अंदाजच असतो. इथे मात्र चित्र गावात कधी आलं, त्याचा दिवससुद्धा ठाऊक आहे. वर्षानुवर्षं कोल्हापुरात मुलांना चित्रकला शिकवताना ही जोडी मी फक्त छापील चित्रांत दाखवली होती. यंदा प्रत्यक्ष बघायचीच असं ठरवून निघाले होते.

सोमवार

सोमवारी उफिझी संग्रहालय बंद असतं. त्यामुळे गिर्लान्दायो आधी आणि ह्यूगो नंतर, असा उलटा क्रम आपोआप लागला. तोच चांगला निघाला.

सान्ता त्रिनिता हे चर्च बाहेरून सोळाव्या शतकाच्या अखेरचं दिसतं, कारण दर्शनी भिंत बुओन्तालेन्ती या वास्तुकाराने १५९३-९४ मध्ये नव्याने बांधली. आत मात्र गॉथिक कमानी आणि गारवा. उजव्या अंगाला सास्सेत्ती कुटुंबाचं प्रार्थनादालन आहे. अंधार होता. पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात. भाचीने नाणं टाकलं आणि भिंती एकदम उजळल्या.

फ्रान्चेस्को सास्सेत्ती हा मेदिची बँकेचा, म्हणजे फ्लोरेन्सवर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याच्या बँकेचा, सरव्यवस्थापक. त्याने स्वतःच्या नावाचा संत निवडला, असिसीचा फ्रान्सिस, आणि त्याच्या आयुष्यातले प्रसंग गिर्लान्दायोकडून तिन्ही भिंतींवर रंगवून घेतले. वरच्या भित्तिचित्रात संताच्या संघाला पोप मान्यता देतोय. घटना रोममधली, पण मागे दिसतो फ्लोरेन्सचा मुख्य चौक, आणि उजव्या बाजूला लोरेन्झो दे मेदिचीच्या शेजारी सास्सेत्ती स्वतः उभा. समोरच्या जिन्यावरून कवी पोलित्सियानो लोरेन्झोच्या मुलांना घेऊन वर येतोय. त्याखालच्या चित्रात एक मूल घराच्या खिडकीतून पडून मेलंय आणि संत त्याला जिवंत करतोय. ते घर म्हणजे याच चर्चबाहेरचा पालाझ्झो स्पीनी. दारातून बाहेर पडलं की तोच वाडा समोर येतो, म्हणून ही भिंत बघितल्यावर बाहेर जाऊन खात्री करून यावी. आम्ही केली.

वेदीवरचं चित्र त्यामानाने लहान आहे. चौरस, जेमतेम १६७ सेंटीमीटर. त्याच्या डावीकडे भिंतीवर सास्सेत्तीची बायको नेरा कोर्सी गुडघे टेकून आहे, उजवीकडे तो स्वतः, लाल झग्यात. दोघं हात जोडून चित्राकडे वळलेत. भिंतीवरची माणसं फळीवरच्या बाळाची पूजा करतायत, अशी ती रचना आहे. दोघांच्या शवपेट्या बाजूच्या कोनाड्यांत आहेत, काळ्या दगडाच्या.

आता चित्र. बाळ मेरीच्या निळ्या झग्याच्या टोकावर निजलंय. त्याच्यामागे गव्हाण आहे, आणि ती गव्हाण म्हणजे संगमरवरी रोमन शवपेटी! तिच्यावर लॅटिन लेख कोरलाय. रोमन सेनापती पॉम्पेच्या सैन्यातला फुल्वियस नावाचा शकुनवेत्ता जेरुसलेमपाशी मरताना सांगून गेला की मला झाकणाऱ्या या पेटीतून एक दिवस देव प्रकट होईल, असा त्याचा आशय. हा लेख प्राचीन नाही. बार्तोलोमेओ फोन्त्सियो या विद्वानाने तो रचून दिला. मागे रस्त्यावर पॉम्पेच्या नावाची विजयकमान, आणि तिच्याखालून बाळाच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक येतेय. गोठ्याचं छप्पर रोमन खांबांवर टेकलेलं आहे. गिर्लान्दायो १४८१-८२ मध्ये रोममध्ये होता, सिस्टाइन चॅपेलच्या भिंती रंगवणाऱ्या मंडळींत. तिथे जे भग्न वैभव पाहिलं ते त्याने थेट बेथलेहेममध्ये आणून मांडलं.

आणि मग उजवीकडचे मेंढपाळ. दाढीचे खुंट वाढलेले, उन्हाने रापलेले, सुरकुतलेले. एकाच्या हातात कोकरू. त्यांच्याभोवतीचं सगळं चित्र इतकं नेटकं आणि सुसंस्कृत आहे की हे तिघं दुसऱ्याच कुठल्या गावाहून आल्यासारखे वाटतात. मेरीचा चेहरा फ्लोरेन्सच्या घराघरांतला, जोसेफ आकाशाकडे बघतोय तोही ओळखीचा. पण अशी माणसं त्याआधीच्या फ्लोरेन्समधल्या वेदीचित्रांत मला आठवेनात. त्यांतला सर्वांत पुढचा बोटाने बाळाकडे दाखवतोय, आणि तो गिर्लान्दायो स्वतः आहे. चित्रकाराने आपला चेहरा त्याला दिलाय.

दिवा विझला. भाचीने पुन्हा नाणं टाकलं. मग पुन्हा.

दुपारी ओन्यिसान्ती चर्चला गेलो. तिथे गिर्लान्दायोचा 'अभ्यासिकेतला संत जेरोम' आणि त्याच्यासमोर बोत्तिचेल्लीचा 'संत ऑगस्टीन', दोन्ही १४८० ची भित्तिचित्रं. जेरोमच्या फळीवर चष्मा, शाईच्या दौती, कात्री, फळं, बरण्या मांडलेल्या. ही वस्तूंची हौसही उत्तरेची, फ्लेमिश चित्रकारांची. व्हान आयक या फ्लेमिश चित्रकाराच्या परंपरेतलं एक छोटं जेरोमचित्र मेदिचींच्या संग्रहात होतं, त्याच्यावरून गिर्लान्दायोने हे उचललं असं मानतात. म्हणजे ह्यूगोचं चित्र येण्याच्या तीन वर्षं आधीच या माणसाची नजर उत्तरेकडे लागलेली होती. तयारी असलेल्यालाच दुसऱ्याचं काही घेता येतं, हे मला वर्गात मुलांना नीट सांगता आलं नव्हतं. या दौतींपाशी ते सोपं झालं.

मंगळवार

उफिझीत बोत्तिचेल्लीच्या दालनांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. ती गर्दी ओलांडून ह्यूगोसमोर आलो आणि भाची म्हणाली, "आत्या, हे एवढं मोठं आहे?"

मधलंच पॅनेल अडीच मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंची कवाडं उघडी धरली तर रुंदी सहा मीटरच्या जवळ जाते. पुस्तकात याचा काहीच अंदाज येत नाही. काल पाहिलेलं चित्र याच्यापुढे घरातल्या देव्हाऱ्यात मावलं असतं.

आकाराचा धक्का ओसरला की दुसरा बसतो, तो मोकळ्या जागेचा. मध्यभागी उघडी जमीन आहे, आणि तिच्यावर बाळ. खाली झगा नाही, गवत नाही, काही नाही. अंगातून किरण निघतायत, पण बाळ इतकं किडकिडीत आणि एकटं की उचलून घ्यावंसं वाटतं. ही कल्पना स्वीडनच्या संत ब्रिजेटला बेथलेहेममध्ये झालेल्या साक्षात्कारातून आली: मेरीने गुडघे टेकले आणि बाळ जमिनीवर प्रकाशमान दिसलं. भोवती सगळे वर्तुळात, पण प्रत्येक जण त्याच्यापासून लांब. मेरीचा चेहरा आनंदाचा नाही. पुढे काय वाढून ठेवलंय ते तिला ठाऊक असल्यासारखा आहे. देवदूतांनी पूजाविधीचे भरजरी झगे घातलेत, त्यांच्या किनारीवरचं सोनेरी विणकाम बोटाने चाचपावं इतकं खरं.

खाली, अगदी आपल्या पायांपाशी, दोन पात्रांत फुलं ठेवलीत. मला सगळ्यांत जास्त वेळ इथे लागला. एक मातीची बरणी, स्पेनमधली चकाकी चढवलेली, तिच्यावर पानांची नक्षी. तिच्यात शेंदरी लिली आणि पांढरे-निळे आयरिस. शेजारी साध्या काचेचा पेला, त्यात जांभळी कोलंबाइन आणि तीन तांबडी कार्नेशन. पेल्यातलं पाणी दिसतं, पाण्यातले देठ दिसतात. मागे गव्हाची पेंढी आडवी पडलीय, जमिनीवर व्हायोलेटची फुलं विखुरलीत. कोलंबाइन मेरीच्या दुःखाचं, तीन कार्नेशन क्रुसाच्या खिळ्यांची, गहू प्रार्थनेतल्या भाकरीचा. जन्माच्या चित्रात पुढचं मरण असं फुलांमधून मांडून ठेवलंय. आणि ती उंच बरणी औषधाच्या दुकानात मलम-चूर्णं ठेवायची असते; हे चित्र एका रुग्णालयाच्या चर्चसाठी होतं हे कळलं की ती बरणी तिथे का आहे तेही लक्षात येतं.

हे असं रंगवणं तैलरंगामुळे शक्य झालं. फ्लोरेन्सचे चित्रकार तेव्हा मुख्यतः अंड्याच्या बलकात रंग कालवत. तो रंग फळीवर लागताक्षणी वाळतो. एका छटेतून दुसरीत जायचं तर बारीक रेघा शेजारी शेजारी ओढाव्या लागतात. काल गिर्लान्दायोच्या चेहऱ्यांवर त्या रेघा दिसत होत्या. तेल ओलं राहतं, छटा एकमेकींत मिसळता येतात, वर पातळ पारदर्शक थर चढवता येतात, आणि प्रकाश त्या थरांच्या आत शिरून परत येतो. ह्यूगोच्या निळ्याला म्हणून खोली आहे. गिर्लान्दायोचा निळा स्वच्छ आहे, पण पृष्ठभागावरच थांबतो.

आता उजवीकडे बघितलं. तिघं धनगर धावत आलेत. पहिल्याने गुडघे टेकून हात जोडलेत, दुसऱ्याने हात फाकलेत, तिसरा अजून पोहोचायचाच आहे: तोंड उघडं, दात पडलेले, श्वास लागलेला. त्यांच्या हातांवरून मला आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांचे हात आठवले, तीच भेगाळलेली कातडी, तेच जाड सांधे, नखांत माती. या चित्रात बाळाच्या दर्शनाची घाई फक्त या तिघांना आहे. देवदूत विधी करतायत, देणगीदार नीटनेटकी प्रार्थना करतायत, आणि हे मात्र खरोखर पळत आलेत.

"कालचे तिघं हेच," भाची म्हणाली. "पण काल ते शांत होते."

तिने नेमकं धरलं. तीच उजवी बाजू, तोच घोळका, तीच रापलेली तोंडं. पण गिर्लान्दायोने त्यांचा श्वास खाली बसवला. ह्यूगोची अस्वस्थता त्याने घेतली नाही, माणसं घेतली. उघड्या तोंडाचा जो तिसरा, तो सान्ता त्रिनितामध्ये नाहीच. त्या सोनेरी, सुव्यवस्थित फ्लोरेन्समध्ये त्याला कुठे बसवायचं हा प्रश्न गिर्लान्दायोपुढे नक्की आला असणार.

डाव्या कवाडावर चित्र करवून घेणारा तोम्मासो पोर्तिनारी आणि त्याचे दोन मुलगे, उजव्यावर बायको मारिया बारोन्चेल्ली आणि मुलगी. मागे उंच संत, त्यांच्या पायांशी ही माणसं लहान रंगवलेली. मागच्या डोंगरात गर्भार मेरीला गाढवावरून उतरवून जोसेफ आधार देतोय. उजवीकडे पान झडलेल्या झाडांमधून तीन राजे वाट विचारत येतायत. ही झाडं कुणीही चुकवू नयेत.

ह्यूगो गेंटचा. कीर्ती ऐन भरात असताना तो ब्रुसेल्सजवळच्या मठात जाऊन राहिला, तिथेच चित्रंही काढत होता. कोलोनहून परतताना त्याला वेडाचा झटका आला, मी नरकात जाणार म्हणून तो आक्रोश करू लागला. मठाच्या प्रमुखाने त्याच्याजवळ संगीत वाजवायला लावलं, बायबलमधल्या सौल राजाला डेव्हिडच्या वीणेने बरं वाटलं होतं म्हणून. त्याच मठातल्या एका बंधूने हे लिहून ठेवलंय. १४८२ मध्ये ह्यूगो गेला. चित्र फ्लोरेन्सला पोहोचलं ते पुढच्या वर्षी. या धनगरांना फ्लोरेन्सने पाहिलं हे त्याला कळलं नाही, आणि ते मला फार लागलं.

बुधवार

आज चित्राची वाट चालायची होती. म्हणून शहराच्या पश्चिम टोकापासून सुरुवात केली, कासीने उद्यानाच्या अगदी शेवटी, जिथे मुन्योने ओढा आर्नोला मिळतो. कोल्हापूरच्या माणसाला इथे येण्याचं वेगळंही कारण आहे. आमचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं एकवीसच्या आत-बाहेर. त्यांचं दहन याच संगमावर हिंदू पद्धतीने झालं. १८७४ मध्ये इथे छत्री उभी राहिली, तिच्याखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा, फुलर या शिल्पकाराने केलेला. छत्रीची रचना मँटची, ज्याने आमचा नवा राजवाडा बांधला. जवळच्या पुलाला इटालियन लोक 'पोन्ते आल्लिन्दियानो' म्हणतात, हिंदी माणसाचा पूल. मी चपला काढून नमस्कार केला. भाचीने फुलं आणली होती, ती वाहिली.

मग नदीकडे तोंड करून उभ्या राहिलो. ह्यूगोचं चित्र आजच्या बेल्जियममधल्या ब्रुजहून जहाजाने निघालं, सिसिलीला वळसा घालून पिसाला आलं, आणि तिथून होडीत घालून याच पाण्यातून वर आणलं. ते नीट पोहोचलं हीसुद्धा नशिबाची गोष्ट. दहा वर्षं आधी, १४७३ मध्ये, मेमलिंग या चित्रकाराचं 'अंतिम निवाडा' हे वेदीचित्र असंच ब्रुजहून फ्लोरेन्सला निघालं होतं. पोर्तिनारीच्या आधी मेदिची बँकेची ब्रुजची शाखा सांभाळणाऱ्या आन्जेलो तानीने ते करवून घेतलेलं. ते जहाज डान्झिगच्या चाच्यांनी लुटलं आणि चित्र आजही त्याच शहरात, म्हणजे पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये आहे. फ्लोरेन्सने ते पाहिलंच नाही.

पूल ओलांडून दक्षिण काठाने सान फ्रेदियानोच्या वेशीपर्यंत आलो. चौदाव्या शतकातला दरवाजा, प्रचंड लाकडी कवाडं अजून जागेवर. होडीतून चित्र इथे उतरवलं. सोळा हमालांनी ते खांद्यावर घेऊन सान्ता मारिया नुओवा रुग्णालयापर्यंत नेलं. आम्ही बोर्गो सान फ्रेदियानोच्या गल्लीतून, सान्ता त्रिनिता पुलावरून, तिथवर चालत गेलो. सुमारे दोन किलोमीटर अंतर. रस्ता अरुंद, फरसबंदी खडबडीत. मधल्या पॅनेलचा आकार डोळ्यांसमोर असल्यामुळे प्रत्येक वळणावर मला त्या माणसांचे खांदे दिसत होते. सान्ता त्रिनिता पुलाचंही एक सांगायला हवं: १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला, आणि फ्लोरेन्सकरांनी नदीतले दगड शोधून काढून तो जसाच्या तसा पुन्हा उभा केला.

सान्ता मारिया नुओवा हे आजही चालतं रुग्णालय आहे. रुग्णवाहिका येत होत्या, ओसरीत नातेवाईक बसले होते. १२८८ मध्ये ते फोल्को पोर्तिनारीने स्थापन केलं. कवी दान्तेच्या काव्यातली बिआत्रिचे ती याच फोल्कोची मुलगी. तोम्मासो त्या घराण्यातला, म्हणून चित्र रुग्णालयाच्या आवारातल्या सान्त'एजिदियो चर्चच्या मुख्य वेदीसाठी. तिथे ते चारशे वर्षांहून अधिक राहिलं आणि १९०० च्या सुमारास उफिझीत गेलं. आजारी माणसं खाटेवरून उठून प्रार्थनेला येत, आणि समोर औषधाची बरणी आणि उघड्या जमिनीवरचं ते बाळ. संग्रहालयात हा संदर्भ निघून गेलाय. ओसरीत बसल्यावर थोडा परत मिळाला.

तोम्मासो पोर्तिनारी मेदिची बँकेच्या ब्रुज शाखेचा प्रमुख. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला त्याने भरमसाट कर्जं दिली. १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत चार्ल्स मेला, कर्जं बुडाली, पुढे शाखाही गेली. त्याच्यावर देखरेख ठेवण्याचं काम ज्याचं होतं तो सरव्यवस्थापक म्हणजे फ्रान्चेस्को सास्सेत्ती. एकाच बँकेतले दोन अधिकारी, एकाने पैसा घालवला आणि दुसऱ्याने तो वेळीच आवरला नाही. एकाने ह्यूगोला काम दिलं, दुसऱ्याने गिर्लान्दायोला. ब्रुज आणि फ्लोरेन्स यांच्यामध्ये लोकर, कापड आणि हुंड्या यांची जी वाट होती, तिच्यावरूनच ते तीन धनगर आले. पोर्तिनारी १५०१ मध्ये याच रुग्णालयात वारला.

गुरुवार

परतीच्या आधी सकाळी स्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती. हे अनाथाश्रमाचं संग्रहालय, वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या ओसरीमागचं. इथे गिर्लान्दायोचं १४८८ मधलं मोठं पॅनेल आहे, तीन राजांचं दर्शन. मागे पाणी, बंदर, दूरवर निळे होत गेलेले डोंगर. उत्तरेकडून आलेला देखावा त्याने आता अंगवळणी पाडलाय. पुढे दोन लहान मुलं पांढऱ्या कपड्यांत, अंगावर जखमा, येशूला संपवायला हेरोद राजाने मारलेल्या बालकांपैकी. आश्रमातल्या पोरक्या मुलांसाठी रंगवलेल्या चित्रात ही दोन मुलं येशूच्या सर्वांत जवळ ठेवलीत, आणि इथे मला गिर्लान्दायोबद्दल नव्याने आदर वाटला. पण रापलेली तोंडं मागे सरली, रेशीम आणि मुकुट पुढे आले. विषयच राजांचा, हे खरं. तरी मला ते तिघं हवे होते.

स्टेशनवर आमचा वाद जुंपला. मी ह्यूगोच्या बाजूची. त्याच्याइतकं धाडस दुसऱ्यात नाही असं माझं म्हणणं.

"पण आत्या, गिर्लान्दायोने आपला चेहरा त्या मेंढपाळाला दिला," भाची म्हणाली. "राजा व्हायची संधी होती, देणगीदाराच्या मागे उभं राहता आलं असतं. तो परगावाहून आलेल्या धनगरांत जाऊन बसला. ज्याच्याकडून घेतलं त्याचं ऋण आणखी कसं सांगायचं असतं?"

मी म्हटलं, बसला खरा, पण त्याची नखं स्वच्छ आहेत.

"पुढच्या आठवड्यात जाऊन बघते," ती म्हणाली. "पिसाहून तासाभराची तर गाडी आहे. आणि नाणी भरपूर नेते."